पहिलं पान मंडळीसाठी

२ जून

प्रिय बारक्या,

आधी बातमी, मग बाकीचं. मी पास झाले! बंदरावरच्या कपड्यांच्या कारखान्यात लाइन मेकॅनिक. लेखी परीक्षेत एकवीस जणांत दुसरी आणि हातच्या कामात पहिली. तीन बंद शिलाई मशीनं पुढ्यात ठेवली होती. दोन चालू करून दिली, आणि तिसऱ्याबद्दल सांगितलं की यात काही बिघाड नाही, सुई तेवढी उलटी बसवलीय. परीक्षक हसला. म्हणाला, सकाळपासून अकरा जणांनी हे मशीन खोललं. चार सप्टेंबरला सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार.

आपला करार लक्षात आहे ना? दोन वर्षांपूर्वी असाच एक नोकरीचा कागद माझ्या हातात होता आणि त्याच आठवड्यात तुला सुवार्तेच्या सेवेचं बोलावणं आलं. बाबांचा उजवा हात त्याआधीच्या वर्षी अर्धांगवायूने गेला होता. दोघांतल्या एकालाच घर सोडता येणार होतं. बाबा तुझ्याकडे बघून आनंदाने रडले आणि माझ्याकडे बघून त्यांनी चहा मागितला. मी तुला म्हटलं, जा, दोन वर्षं तुझी, मग माझी. उपकार काढत नाहीये, आठवण करून देतेय. दोन्हीत फरक थोडाच आहे, पण आहे.

इकडचं ठीक. बाबांना डाव्या हाताने जेवता येतं. बटणं लावता येत नाहीत, दाढी करता येत नाही आणि माझी चूक काढल्याशिवाय राहता येत नाही. आपल्या मशीनदुरुस्तीच्या दुकानात मी एकटीच. पोस्ट, बाजार आणि प्रार्थनाघर सोडलं तर गेल्या आठ महिन्यांत मी कुठे गेले असेन तर देवाशपथ. अर्ध्या तासाच्या वर बाहेर राहिले की बाबा खिडकीच्या गजांवर काठी आपटतात आणि समोरची टेलरकाकू मला शोधायला निघते. परवा तिने मला पोस्टाच्या रांगेतून अक्षरशः हाताला धरून आणलं.

तुझं स्वागत सत्तावीस ऑगस्टच्या उपासनेनंतर. प्रार्थनाघराची अख्खी मंडळी कामाला लागलीय. काकू कापडी फलक शिवतेय, अक्षरं कापून. तुझं नाव किती मोठं असावं यावर दोन बैठका झाल्या. तुझ्या पत्रांवर लोक फार खूश आहेत, एवढंच सांगते.

आलास की चार दिवसांत तुला दुकान शिकवते आणि मी सुटते.

तुझी ताई


१३ जून

(पहिलं पान, मंडळीसाठी)

मंडळीतल्या सर्वांना नमस्कार. या पंधरवड्यात आम्ही खाणीकडची वरची आळी संपवली. बहुतेक दारं बंद होती. एक उघडलं, तिथे कुत्रा होता. माझ्या सेवेतल्या जोडीदाराला ताप आला, आता बरा आहे. आमच्यासाठी प्रार्थना करावी.

(दुसरं पान, घरासाठी)

ताई,

तू पास होणार हे मला माहीत होतं. उलटी सुई वाचून मी एकटाच एवढा हसलो की जोडीदाराने विचारलं काय झालं, आणि मला समजावून सांगता येईना. करार लक्षात आहे. मी येतो, तू जा.

खरं सांगू? मला कधी एकदा घरी येतो असं झालंय. इथे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, जोडीने निघायचं, दार वाजवायचं, हसायचं, आणि दार बंद झालं की पुढचं दार. आधी वाटायचं, लोकांची मनं कठीण आहेत. हल्ली वाटतं, मी त्या माणसाच्या जागी असतो तर मीही उघडलं नसतं. हे जोडीदाराला सांगता येत नाही. तो चोवीस तास बरोबर असतो, झोपेतसुद्धा प्रार्थना पुटपुटतो. फोन वर्षातून दोनदा, तोही त्याच्यासमोर. मला एकटं बसायला जागा म्हणजे फक्त हे दुसरं पान.

दोन वर्षांत एकच काम धड झालं. एका म्हातारीने आम्हाला आत घेतलं ते पाऊस होता म्हणून. तिचं मशीन टाके सोडत होतं. मी शटल काढून साफ केलं, सुई बदलली. तिने आनंदाने माझ्या गालाला हात लावला. प्रार्थनेबद्दल विचारलं तर म्हणाली, ते तुमचं तुम्ही करा बाळांनो, मला उशी शिवायचीय.

एक विचारायचं होतं. पाळकसाहेबांचं कार्ड आलं. त्यात लिहिलंय, “त्या खाणकामगाराची छाती आता कशी आहे? आम्ही सर्व त्याच्यासाठी दररोज प्रार्थना करतो.” कोण खाणकामगार? मी कुणाच्या छातीबद्दल कधी लिहिलं?

तुझा बारक्या


२२ जून

प्रिय बारक्या,

बस. पाणी पी. मग वाच.

खाणकामगार माझा आहे. मी रचला.

तुला ठाऊक आहे आपल्याकडची पद्धत. सेवेला गेलेल्याचं पहिलं पान घरच्या माणसाने उपासनेनंतर उभं राहून वाचायचं. तू गेलास त्यानंतरचा तिसरा महिना. तू लिहिलं होतंस, “आज कोणीही दार उघडलं नाही.” तेवढंच. मी ते वाचलं आणि कुणीतरी खुर्ची करकरवत मागे सरकवली. बाबा पुढच्या बाकावर होते. त्यांची मान खाली गेली. पाय लटपटत असताना जिना उतरून आले होते ते, मुलाचं पत्र ऐकायला. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “पण शेवटच्या दारातून एका लहान मुलीने आम्हाला हात केला.” बाबांची मान वर आली.

झालं. चटक लागली, त्यांना आणि मलाही. पुढच्या वेळी त्या मुलीची आई आली. मग आईचा दारुडा भाऊ. त्याची दारू सोडवायला मला चार पत्रं लागली. खाणकामगार मार्चमधला. त्याला खोकला होता, तू रात्रभर त्याच्याजवळ बसलास, पहाटे तो उठून उभा राहिला. बारक्या, लोक रडले. मीसुद्धा रडले, आणि मला तर माहीत होतं. आठवडाभर त्या चार भिंतींत शटल आणि बॉबिन आणि बाबांची बटणं, आणि रविवारी दहा मिनिटं मी त्या डोंगरावर असायचे. मला दुसरं बाहेर पडायला होतं काय?

कुणाचं नुकसान झालं नाही असं मी स्वतःला समजावते. तू ऑगस्टमध्ये येशील, दोन रविवार लोक कौतुक करतील, मग विसरतील. कुणी छातीबद्दल विचारलं तर म्हण, बरी आहे.

एकच जरा खटकतंय. पाळकसाहेब परवा बाबांना भेटायला आले, दार लावून बोलले. निघताना मला म्हणाले, “तुमच्या घराला मोठा मान मिळणार आहे.” बाबांना विचारलं तर नुसते हसतात. तीन वर्षांत ते असे हसले नव्हते.

रागावला असशील तर रागाव, पण कुणाला सांगू नकोस.

तुझी ताई


१ जुलै

प्रिय बंधू,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या विभागाच्या अहवालात आकडे फारच थोडे दिसतात. परंतु आम्ही तुमची पत्रं ऐकली आहेत, त्यामुळे तुम्ही किती संकोची आहात हे आम्ही ओळखून आहोत. त्या मुलीच्या आईच्या दारुड्या भावाबद्दल अहवालात एक शब्द नाही! उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू न देणं म्हणतात ते हेच.

कळवण्यास अतिशय आनंद होतो की मंडळीच्या वडीलजनांनी एकमताने तुमची कायमच्या सेवेसाठी निवड केली आहे. आपल्या मंडळीतून असा मान मिळालेले तुम्ही पहिलेच. घोषणा स्वागताच्या दिवशी होईल आणि ऑगस्टअखेर तुम्ही डोंगरापलीकडच्या नव्या ठाण्यावर रवाना व्हाल. तुमच्या वडिलांना कळवलं.

एक अर्ज तेवढा तुमच्या भगिनींकडे पाठवत आहे. सेवकाच्या अपंग पालकांपाशी घरी कोणीतरी कायम आहे, असं लिहून त्यांची सही त्यावर लागते. ती अर्थातच औपचारिक बाब आहे.

तुमचा,
पाळक


९ जुलै

ताई,

पाळकसाहेबांचं पत्र सोबत जोडलंय. वाच.

वाचलंस? आता सांग, मी काय करू? तू मला इतकं चांगलं केलंस की मला घरी यायला जागाच ठेवली नाहीस. दारुडा भाऊ काय, खाणकामगार काय! मी इथे कुत्र्यांना चुकवत फिरतोय आणि तिकडे तू मला संत करून ठेवलंस. मला विचारायचंस तरी! दोन वर्षं मोजत काढली, भिंतीवर रेघा मारल्यासारखी. आता म्हणतात कायमची. कायमची म्हणजे किती हे मोजतासुद्धा येत नाही.

आणि तुझं काय? तू सही केलीस तर कारखाना गेला. नाही केलीस तर सगळी मंडळी तुझ्या अंगावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आड तूच खणलास. एवढंच बोलतो. माझा राग फार टिकत नाही, तुला माहीत आहे.

मी उपाय काढलाय. यासोबतचं पहिलं पान पूर्ण खरं लिहिलंय. येत्या रविवारी ते जसंच्या तसं वाच. काना-मात्राही बदलू नकोस. लोकांनी ऐकलं की ते आपोआप म्हणतील, हा माणूस योग्य नाही. मला कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागणार नाही. मला ते जमत नाही. जमलं असतं तर मी इथे आलोच नसतो.

बारक्या

(पहिलं पान)

मंडळीस नमस्कार. मी दोन वर्षांत एकाही माणसाला विश्वासात आणलेलं नाही. कुणाला बरं केलं नाही. कुणाची दारू सोडवली नाही. लोक आम्हाला कंटाळले आहेत आणि मीही. हल्ली मी प्रार्थना करतो तेव्हा पलीकडे कुणी ऐकतंय असं मला वाटत नाही. मी या कामाला लायक नाही. मला घरी येऊन मशीनं दुरुस्त करायची आहेत.


१९ जुलै

प्रिय बारक्या,

वाचलं. शब्दन् शब्द.

“पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही” इथे आले आणि मला वाटलं, आता छप्पर कोसळणार. मी वर पाहिलं. टेलरकाकू पदराने डोळे पुसत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “केवढी नम्रता!” आणि मग सगळीकडून हुंदके. पाळकसाहेब उठले, माझ्या हातातून कागद घेतला, उंच धरला. म्हणाले, ज्याने मेलेल्या माणसाला उठवलं तो लिहितो की मी कुणाला बरं केलं नाही! खाणकामगार नुसता आजारी होता रे, पण तोपर्यंत तो मेलेला झाला होता. मी म्हटलं, “साहेब, हे खरं आहे. आधीचंच खोटं होतं, माझं होतं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “भाऊ तशी बहीण.”

तुझं पान आता प्रार्थनाघराच्या काचेच्या सूचनाफलकात लावलंय. लोक त्याचे फोटो काढतात.

बाबांना मी घरी येऊन सांगितलं. समोर बसून, मुद्दे पाडून. ते ऐकत होते, खिडकीकडे बघत. शेवटी म्हणाले, “तुला एकटी पडायची भीती वाटते, म्हणून बोलतेस.” मी भांडी घासायला गेले आणि एक बशी फोडली. मुद्दाम फोडली.

अर्ज आलाय. “पालकांपाशी कायम राहणारी व्यक्ती” या ओळीपुढे माझं नाव आधीच टाइप करून पाठवलंय. फक्त सहीची जागा मोकळी. कायम हा शब्द दिसू नये म्हणून मी त्यावर बॉबिनचा डबा ठेवते. रोज दुकान उघडताना तो कागद दिसतो.

आता एकच रस्ता आहे, आणि तो तुझ्या तोंडातून जातो. स्वागताच्या दिवशी ते घोषणा करतील. तेव्हा तू, स्वतः, सगळ्यांसमोर नाही म्हणायचंस. कागदावर नाही. माझ्याकरवी नाही. एक शब्द आहे बारक्या, दोन अक्षरांचा. लहान मुलांनासुद्धा येतो.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

म्हणेन. वचन. रोज सराव करतोय. काल खाणीमागच्या माळावर जाऊन मोठ्याने म्हणालो. जोडीदाराला वाटलं मी सैतानाला म्हणतोय, तोही बरोबर ओरडला.

तू बॅग भर. मी सव्वीसला संध्याकाळी पोचतो, सत्तावीसला नाही म्हणतो, तीन दिवसांत तू मला दुकान शिकव, आणि एकतीसच्या सकाळच्या बसने जा. मी तुला थांब्यावर सोडायला येईन. तुझी जड बॅग मी उचलेन. यात आता काही बदल नाही.

बारक्या


२७ ऑगस्ट, रविवार दुपार

बारक्या,

एकाच घरात बसून पत्र लिहितेय, हसू नकोस. तू खाली दुकानात आहेस, मी वर, मध्ये जिन्याशी बाबांची खाट, आणि त्यांचे कान हातासारखे गेलेले नाहीत. जेवायला हाक मारेन तेव्हा हे बॉबिनच्या डब्याखाली ठेवेन.

काल तुला दारात बघितलं तेव्हा मला किती आनंद झाला हे आधी लिहिते, कारण पुढे लिहायची इच्छा राहणार नाही. वाळलायस. मान शर्टात हलत होती. बाबांनी डाव्या हाताने तुझं तोंड चाचपलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दोन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं ते तू पहिल्या पाच मिनिटांत विचारलंस: ताई, तू जेवलीस का?

आणि आज सकाळी तू होय म्हणालास.

मी तिसऱ्या बाकावर होते, तुझ्या तोंडाकडे बघत. पाळकसाहेबांनी घोषणा केली, सगळे उभे राहिले. बाबा उभे राहिले! काठीशिवाय. डावा हात वर केला. तू तोंड उघडलंस. तुझ्या गळ्यातली शीर दिसली मला. मनात म्हटलं, आता. आणि तू म्हणालास, “प्रभूची इच्छा असेल तसं.” एवढ्या लोकांत फक्त मला कळलं की तू बुडालास. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.

दोष माझा आहे. शिडी मी लावली, तुला वर मी चढवलं. आता खाली मी उतरवू शकत नाही, ते करून बघितलं. पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. मी सही करणार नाही. गुरुवारच्या बसने मी जातेय. तुझं होय तुझ्याजवळ, माझं नाही माझ्याजवळ. बाबांना तूच सांग.

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली.

मी नाहीच म्हणणार होतो. पण बाबा उभे राहिले. त्यांचा चेहरा बघितलास ना तू? त्या चेहऱ्यासमोर कुणाला नाही म्हणता आलं असतं?

एक विनवणी आहे. सही कर. फक्त दोन वर्षं दे. तेवढ्यात मी तिकडूनच काहीतरी कारण काढून परत येतो, तब्येतीचं वगैरे. तू खंबीर आहेस, तुला जमतं. मला जमत नाही. आणि कारखान्याचं काय एवढं, कारखाने पुष्कळ आहेत. बाबा एकच आहेत.

असं जाऊ नकोस. लोक काय म्हणतील?

बारक्या


३१ ऑगस्ट, सकाळ

बारक्या,

रागावून जात नाहीये असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं, आणि खोटं लिहायचं मी सोडलंय. रागावूनच जातेय. “बाबा एकच आहेत” हे तू मला लिहिलंस. मला!

औषधं खिडकीतल्या डब्यात, सकाळची वरच्या खणात. शर्टाची बटणं खालून वर लावायची, म्हणजे त्यांना मान वर करावी लागत नाही. दाढी दिवसाआड. ते म्हणतात पाणी गार आहे, ते गार नसतं. जिना उतरताना त्यांच्या पुढे राहा, मागे नाही. शाळेचं पायमशीन तयार आहे, पट्टा तेवढा ताणून बसव. टेलरकाकूचं मोटरवालं दर महिन्याला दोरा तोडतं. दोष मशीनचा नसून काकूचा आहे, पण तिला तसं सांगू नकोस.

अर्ज टेबलावर आहे, बिनसहीचा.

बाबांना रात्रीच सांगितलं की मी जातेय. ते भिंतीकडे वळले. मी पाया पडले तेव्हाही वळले नाहीत. आता तू खाली बसला आहेस, तुझी चाहूल ऐकू येतेय, आणि तू वर येऊन बॅग उचलणार नाहीस हेही मला कळलंय. मी उचलेन. एवढी काही जड नाही.

ताई


१७ सप्टेंबर

ताई,

वसतिगृहाचा पत्ता टेलरकाकूकडून मिळवला. तू तिला दिलास आणि मला नाही, ते बरोबरच आहे. गेल्या पंधरा दिवसांत काय झालं ते क्रमाने लिहितो.

तू गेलीस त्या दिवशी पाळकसाहेब अकरा वाजता अर्ज न्यायला आले. विचारलं, ताई कुठेय? म्हटलं, गेली. “बाजारात?” म्हटलं, बंदरावर, नोकरीला. ते खाली बसले. म्हणाले, मुलगी मुळात समजूतदार आहे, उतावीळपणा झाला असेल. कारखान्याच्या साहेबांना आजच फोन करतो. घरी वडील अपंग आहेत, दुसरं कुणी नाही, असं कळलं की ते स्वतःच तिला परत पाठवतील. रविवारपर्यंत येईल, सही करेल. काय?

आणि मी मान हलवली. होय ताई. तुला ओढून परत आणायला निघाले होते आणि मी मान हलवली. हे मी लिहिलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं. पण तू खोटं सोडलंस, म्हटलं आपणही सोडावं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “पेन द्या.”

पाळकसाहेबांना कळेना. बाबा म्हणाले, “तिचं नाव खोडा. सही मी करतो. लिहा, मला घरी कुणाची गरज नाही, मी एकटा राहू शकतो.” पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, केवढा त्याग! वडिलांनीच लिहून दिलं तर अर्ज चालेल. त्यांनी बाबांच्या डाव्या हातात पेन दिलं.

तीन वर्षं त्यांनी पेन धरलं नव्हतं. पहिलं अक्षर अर्धं झालं आणि पेन घसरलं. पुन्हा तिथेच टेकवलं. त्यांच्या शर्टाची दोन बटणं उघडी होती, कारण सकाळी लावायचं मला सुचलं नव्हतं. माणसाला स्वतःची बटणं लावता येत नाहीत आणि तो लिहून देतोय की मला कुणी नको. मला वाटलं, माझ्या मोठेपणासाठी हे चाललंय. मी कागदावर पंजा ठेवला. म्हटलं, मी जाणार नाही.

आवाज फुटलाच नाही. पुन्हा म्हटलं. पाळकसाहेब हसले, “हा यांचा संकोच.” तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडलो की रस्त्यावरचे दोघे थांबले. म्हटलं, संकोच नाही. दोन वर्षांत मी एक मशीन दुरुस्त केलं, बाकी काही नाही. मला जायचं नाही. कधीच जायचं नव्हतं. पाळकसाहेबांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि गेले. चहा तसाच राहिला.

फलक दुसऱ्या दिवशी उतरला. काकूने अक्षरं उसवून कापड घरी नेलं. रस्त्यात लोक चपलेकडे बघत जातात. रविवारी आमच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. मी अडकलोय ताई, तुझ्याच जागी, त्याच जिन्याखाली, आणि काठी आता माझ्यासाठी आपटते. पहिल्या आठवड्यात मला कळलं की तू दोन वर्षं काय केलंस. माफी मागायला शब्द पुरत नाहीत, म्हणून मागत नाही. दाढी दिवसाआड करतो. पाणी खरंच गार नसतं.

बाबा पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी मीच म्हटलं, बाबा, तुम्ही मला पाठवायला एवढं करत होतात आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू काकूच्या मशीनकडे बघतेस. म्हणाले, “तुला पाठवायला? गाढवा, तुला पाठवून मला काय करायचं होतं? तो पाळक कारखान्यात फोन करणार होता. मला कुणी नको असं एकदा कागदावर आलं असतं, तर तिला परत बोलवायला कुणाला तोंड उरलं नसतं.”

आज तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर त्यांनी निरोप दिला. त्यांच्याच शब्दांत देतो:

“तिला म्हणावं, इतक्यात येऊ नकोस. सुट्टी मिळाली तरी नको. मी आजारी आहे असं कुणी कळवलं तर आधी खरं आहे का विचार, आणि खरं असलं तरी येऊ नकोस.”

तुझा बारक्या